सहा बाइटांतलं विश्व : ‘एलिट’ या खेळाने दोन हजार ग्रह कुठे ठेवले होते?

आज आपण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अंतराळ-खेळाबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात पाढ्यांपासून करू.

एकोणतीस सक किती? ज्यांनी लहानपणी तीसपर्यंतचे पाढे पाठ केलेत, ते लगेच सांगतील, एकशे चौऱ्याहत्तर. ज्यांनी नाही केले ते काय करतील? तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा वजा, म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर. उत्तर एकच आहे. फरक इतकाच, की पहिल्याने उत्तर डोक्यात साठवून ठेवलं होतं, दुसऱ्याने ते गरज पडली तेव्हा तयार केलं. पहिला चटकन उत्तर देतो, पण एकतीसचा पाढा विचारला की अडतो. दुसऱ्याला जरा वेळ लागतो, पण त्याला तीनशे सतराचा पाढाही चालतो. साठवणं आणि तयार करणं, या दोन गोष्टींतला फरक आज शेवटपर्यंत लक्षात ठेवू या. आजचा सगळा विषय त्याच्याभोवतीच आहे.

खेळाचं नाव ‘एलिट’. २० सप्टेंबर १९८४ रोजी तो इंग्लंडमध्ये बाजारात आला. तो लिहिला डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिज विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, आणि प्रकाशित केला एकॉर्नसॉफ्ट या कंपनीने. तो मुळात चालायचा बीबीसी मायक्रो नावाच्या घरगुती संगणकावर. हे यंत्र आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. १९८४ मध्येच भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, आणि त्या प्रकल्पातून शाळांमध्ये पोचलं ते हेच बीबीसी मायक्रो. पांढुरक्या रंगाचं, जाडजूड कीबोर्डसारखं दिसणारं, वरच्या बाजूला लाल-नारिंगी बटणांची ओळ असलेलं यंत्र तुमच्यापैकी कोणी शाळेत बघितलं असेल, तर ते बहुधा हेच.

आता त्या काळातले अंतराळ-खेळ कसे असायचे ते आठवा. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. वरून परग्रहवासीयांच्या रांगा खाली सरकतायत, खाली आपली तोफ, आपण गोळ्या झाडायच्या. मोजकी आयुष्यं मिळायची, ती संपली की खेळ संपला. जमले किती गुण, तेवढाच हिशोब. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी ते ठीकच होतं, कारण खेळ लवकर संपला तरच पुढचं नाणं पडणार.

‘एलिट’मध्येही गोळीबार भरपूर होता. चाचे पाठलाग करायचे, लेझर चालायचे, क्षेपणास्त्रं सुटायची. पण सुरुवातच वेगळी होती. तुमच्याकडे ‘कोब्रा मार्क थ्री’ हे यान, खिशात १०० क्रेडिट, आणि तुम्ही ‘लेव्ह’ नावाच्या ग्रहाच्या अवकाशस्थानकावर उभे. पुढे काय करायचं? ते तुमचं तुम्ही ठरवा. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्तात घ्या, कारखानदारीच्या ग्रहावर विका. त्या पैशातून चांगला लेझर घ्या. हवं तर चाच्यांना मारून बक्षिसं मिळवा, हवं तर स्वतःच चाचे व्हा. आणि फिरायला ग्रह किती? आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८. प्रत्येकाला नाव, नकाशावर जागा, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, लोकसंख्या.

जागेचा प्रश्न

आता अडचण बघा. बीबीसी मायक्रोची स्मृती होती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. एका बाइटमध्ये ढोबळमानाने एक अक्षर मावतं. आपल्या मोबाइलने काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या ३२ किलोबाइटमधूनही यंत्राच्या स्वतःच्या कामाला जागा द्यायची, पडद्यावरच्या चित्राला द्यायची. खेळासाठी उरायचे सुमारे २२ किलोबाइट. त्यात याने, लढाया, बाजार, नकाशे, सगळं बसवायचं.

समजा आपण प्रत्येक ग्रहाची माहिती सरळ लिहून ठेवायची ठरवली. नावाला आठ बाइट, बाकी तपशिलांना आठ, असे काटकसरीने १६ बाइट धरू. २०४८ गुणिले १६ किती होतात? बरोबर ३२,७६८. म्हणजे ग्रहांच्या यादीतच यंत्राची सगळीच्या सगळी स्मृती संपली! खेळ लिहायला एक बाइटही शिल्लक नाही.

मग या दोघांनी काय केलं? त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. त्यांनी पाढे पाठ न करणाऱ्या मुलासारखं केलं, ग्रह तयार करण्याचा नियम साठवला.

तीन संख्यांची बेरीज

हा नियम इतका साधा आहे, की आपण तो आत्ता कागदावर करून बघू शकतो. पहिल्या आकाशगंगेची सुरुवात तीन संख्यांपासून होते : २३,११४, ५८४ आणि ४६,९३१. प्रत्येक संख्येला दोन बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून सहा बाइट. याला आपण बीज म्हणू.

नियम असा. तिन्ही संख्यांची बेरीज करायची. पहिली संख्या सोडून द्यायची, उरलेल्या दोन पुढे सरकवायच्या आणि बेरीज तिसऱ्या जागी ठेवायची. एकच लक्षात ठेवायचं, की दोन बाइटमध्ये ६५,५३५ पर्यंतचीच संख्या मावते. जुन्या स्कूटरवरचं किलोमीटर दाखवणारं मीटर सगळे नऊ भरले की पुन्हा शून्यावर येतं, तसंच हे. बेरीज मोठी झाली, की त्यातून ६५,५३६ वजा करत जायचं, बसेल इतकी होईपर्यंत.

करून बघू. २३,११४ अधिक ५८४ अधिक ४६,९३१ म्हणजे ७०,६२९. वजा ६५,५३६, उरले ५,०९३. आता आपले तीन आकडे झाले ५८४, ४६,९३१ आणि ५,०९३. पुन्हा बेरीज : ५२,६०८. पुन्हा एकदा : ४६,९३१, ५,०९३ आणि ५२,६०८ मिळून १,०४,६३२, वजा ६५,५३६, उरले ३९,०९६.

यातून नाव कसं निघतं? खेळात रोमन अक्षरांच्या जोड्यांची एक छोटी यादी आहे, शून्यापासून एकतीसपर्यंत. तिसऱ्या जागेवरची संख्या घ्यायची, तिला २५६ ने भागायचं, येणाऱ्या पूर्णांकाला ३२ ने भागायचं आणि बाकी बघायची. ती बाकी म्हणजे यादीतला क्रमांक.

सुरुवातीची तिसरी संख्या ४६,९३१. भागिले २५६, आले १८३. त्याला ३२ ने भागून बाकी २३. यादीत तेविसावी जोडी आहे ‘टी-आय’. पुढची ५,०९३ : आले १९, एकोणिसावी जोडी ‘बी-ई’. पुढची ५२,६०८ : आले २०५, बाकी १३, जोडी ‘डी-आय’. आणि ३९,०९६ : आले १५२, बाकी २४, जोडी ‘ई-डी’. चारही जोडून वाचा : टिबेडिएड. पहिल्या आकाशगंगेतल्या पहिल्या ग्रहाचं हेच नाव आहे. हे नाव खेळात कुठेही लिहिलेलं नाही. आपण आत्ता जे केलं तेच यंत्र करतं, आणि नाव तयार होतं.

पुढे जाऊ. प्रत्येक ग्रहामागे बेरजेची चार पावलं टाकायची. चौथी बेरीज येते ३१,२६१, तिथून दुसरा ग्रह सुरू. भागाकार करा, बाकी येते २६, जोडी ‘क्यू-यू’. त्यानंतरच्या संख्येची बाकी येते शून्य, आणि शून्याला जोडीच नाही, तिथे नाव गप्प राहतं. मग १९, ‘बी-ई’. नाव झालं क्यूब. नावात तीन जोड्या घ्यायच्या की चार, हेसुद्धा बीजातल्या पहिल्या संख्येतला एक बिट ठरवतो. म्हणूनच काही नावं लांबलचक, काही आखूड. ‘लेव्ह’ हे नाव फक्त ‘एल-ए’ आणि ‘व्ही-ई’ या दोन जोड्यांचं आहे. या जोड्या निवडतानाही विचार केलेला दिसतो. बहुतेक जोड्यांत एक स्वर, एक व्यंजन आहे. त्यामुळे कशाही जोडल्या तरी शब्द उच्चारता येतो.

आणि फक्त नाव नाही. त्याच तीन संख्यांचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या कामाला लावलेत. एक तुकडा सांगतो नकाशावर ग्रह कुठे आहे. तीन बिट सांगतात तिथे अराजक आहे, सरंजामशाही, हुकूमशाही की लोकशाही. आणखी तीन बिट सांगतात ग्रह शेतीचा की कारखान्यांचा. अराजक असलेल्या ग्रहाजवळ चाचे जास्त, ही झाली लढाई. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, हा झाला व्यापार. खेळाडूला जे जग वाटतं, ते एकाच बेरजेकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघितलेलं आहे.

आणि आकाशगंगा आठच का? याचंही उत्तर गणितात आहे. एक बाइट म्हणजे आठ बिट. माळेत आठ मणी आहेत अशी कल्पना करा. पुढच्या आकाशगंगेत जाताना खेळ बीजातल्या सहाही बाइटांची माळ एकेक मणी फिरवतो. नवं बीज, नवे २५६ ग्रह. आठ वेळा फिरवलं, की माळ मूळ जागी येते आणि तुम्ही पहिल्या आकाशगंगेत परत. म्हणजे आठ आकाशगंगांसाठी आठ बीजंही साठवायला लागली नाहीत. एकच पुरलं.

फुकट काही मिळत नाही, हेही सांगायला हवं. दोनशेव्या ग्रहाची माहिती हवी असेल तर पहिल्यापासून बेरजा करत यावं लागतं. जागा वाचते, पण वेळ खर्च होतो. मात्र या बेरजा इतक्या सोप्या आहेत, की त्या काळच्या यंत्रालाही त्यांना क्षणभरच पुरायचा. संगणकशास्त्रात हा व्यवहार जागोजागी भेटतो : जागा हवी तर वेळ द्या, वेळ हवा तर जागा द्या.

यानांची चित्रंसुद्धा याच विचाराने काढलीत. त्या काळच्या बऱ्याच खेळांत यानाचं तयार चित्र साठवलेलं असायचं. ‘एलिट’मध्ये यानाचे फक्त कोपरे, कडा आणि बाजू साठवल्यात. यान फिरलं की कुठली बाजू आपल्याकडे तोंड करून आहे ते मोजायचं आणि तिच्याच कडा रेघांनी काढायच्या. म्हणून चित्र एकही साठवलेलं नसताना यान हव्या त्या कोनातून दिसतं.

कोण ठरवणार?

आता एक गैरसमज दूर करू. अशा जगाला बरेच जण ‘रॅन्डम’ म्हणतात. ते तसं अजिबात नाही. बेरीज आज केली, उद्या केली, मुंबईत केली की केंब्रिजमध्ये केली, उत्तर तेच. म्हणूनच एकमेकांना न भेटलेली दोन मुलं एकाच ग्रहाबद्दल बोलू शकत होती, आपापले नकाशे ताडून बघू शकत होती. जग कुठेच साठवलेलं नव्हतं, तरी ते सगळ्यांचं एकच होतं. खरोखर नशिबावर सोडलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या : वाटेत कोण भेटेल, आणि बाजारात पोचल्यावर भाव थोडा वर असेल की खाली.

पण नियम मिळाला म्हणजे काम संपलं का? नाही, आणि इथे खरी गंमत आहे. सहा बाइटांची बीजं किती असू शकतात? दोनाचा अठ्ठेचाळिसावा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. तेवढ्या आकाशगंगा द्यायला एक बाइटसुद्धा जास्त लागला नसता, आणि लेखकांचा मूळ विचारही तोच होता. प्रकाशकांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की इतका प्रचंड आकडा दिसला की हे सगळं यंत्राने पाडलंय हे उघडं पडेल, आणि मग कुठल्याच ग्रहाची किंमत राहणार नाही. म्हणून आकडा आठवर आला.

बीज निवडणं हेही माणसाचंच काम होतं. यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही. एका बीजातून तयार झालेल्या आकाशगंगेत एका ग्रहाचं नाव इंग्रजीतल्या एका असभ्य शब्दासारखं आलं, म्हणून ती आकाशगंगाच बाद केली गेली. एक नाव बदलता येत नव्हतं ना! बेरजेतला एक आकडा बदलला, की पुढचे सगळे बदलतात. असं जग दुरुस्त करता येत नाही, पत्करायचं किंवा सोडायचं एवढंच हातात असतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ आला. त्यात दोनाचा चौसष्टावा घात इतके ग्रह होते, म्हणजे १८ वर अठरा शून्यं. तेही असेच नियमातून तयार होणारे. सुरुवातीला अनेक खेळाडूंची तक्रार काय होती? ग्रह संपत नाहीत, पण थोड्या वेळाने सारखेच वाटायला लागतात. बत्तीस वर्षांपूर्वी प्रकाशकांना जी शंका आली होती, तीच ही.

ज्या जगाला आठवण नाही

शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जग साठवलेलं नसेल, तर त्या जगाला आठवण नसते.

समजा तुम्ही एखाद्या ग्रहाभोवतीचे दहा चाचे मारलेत. तिथे आता शांतता नांदेल? छे! तुम्ही परत जाल तेव्हा बेरीज पुन्हा होईल, उत्तर तेच येईल, ग्रह पुन्हा तितकाच अराजकी. तुम्ही तिथे शंभर खेपा धान्य नेलंत तरी तो ग्रह सुधारत नाही. दोन हजार ग्रहांत तुमची खूण कुठेच उरत नाही. हा दोष लहान नाही. या पद्धतीची ही खरी किंमत आहे.

मग खेळाडू महिनोन्‌महिने का खेळत राहिले? कारण लेखकांनी आठवण जगात न ठेवता खेळाडूच्या अंगावर ठेवली. तुमचे पैसे, तुमचं इंधन, यानावरची शस्त्रं, तुम्ही कुठे आहात, किती यानं पाडलीत, एवढंच साठवलं जायचं, आणि त्याला अगदी थोडी जागा पुरायची. पाडलेल्या यानांवरून तुमचा दर्जा ठरायचा. सुरुवात ‘निरुपद्रवी’पासून, आणि शेवटी, ६,४०० यानं पाडल्यावर, ‘एलिट’. खेळाचं नाव त्यावरूनच.

सगळ्यात सुंदर उदाहरण कायद्याचं आहे. तुम्ही अमली पदार्थ, शस्त्रं किंवा गुलाम यांचा व्यापार केलात, पोलिसांवर गोळी झाडलीत, तर तुम्ही गुन्हेगार आणि मग फरारी ठरता. ही नोंद एका बाइटमध्ये आहे. ती ग्रहापाशी राहत नाही, तुमच्याबरोबर फिरते. आणि दर वेळी तुम्ही उडी मारून नव्या ग्रहावर पोचलात, की ती निम्मी होते. म्हणजे दूर जा, फिरत राहा, हळूहळू लोक विसरतील. पोलीस, न्याय, बदनामी आणि काळाबरोबर येणारी क्षमा, हे सगळं एका बाइटमध्ये आणि दोनने भागण्यात बसवलंय.

तर या खेळाकडून आपण काय घ्यायचं? काहीही रचताना, मग तो खेळ असो, दप्तर असो की एखादी कथा, तीन कप्पे करता येतात. जे नियमातून पुन्हा तयार होऊ शकतं ते साठवू नका. जे नशिबावर सोडता येईल ते सोडा. आणि उरलेली जी थोडी जागा आहे, ती माणसाने स्वतः जे केलं त्याच्या नोंदीसाठी राखून ठेवा, कारण तेवढंच कुठल्याही बेरजेतून परत मिळत नाही. आज जागेची चणचण नाही, म्हणून आपण सगळंच साठवतो आणि या तिन्हींतला फरक विसरतो. त्या दोघांना विसरायची सोयच नव्हती.

जाता जाता घरचा अभ्यास. तिसऱ्या ग्रहाचं बीज आहे ६२,२५०, १९,८६८ आणि ८,४७५. नावात तीन जोड्या आहेत. यादीतली पहिली जोडी ‘एल-ई’ आणि सोळावी ‘ई-आर’, एवढं पुरेल. कागद-पेन्सिल घेऊन बसा. नाव निघालं, की ते आम्ही तुम्हाला सांगितलेलं नाही, हे लक्षात घ्या. ते तुम्ही तयार केलंत.